सही डॉक्टरांची, रात्र सिस्टरची

पहिला प्रश्न पाण्याचा असतो. रात्री पोलिसांची गाडी जिल्हा रुग्णालयाच्या आवारात थांबते. मुलगी उतरते; सोबत आई नाहीतर मावशी, एक महिला शिपाई. मुलीच्या घशाला कोरड पडलेली. ड्यूटीवरची सिस्टर सवयीने पाण्याचा ग्लास पुढे करणार. दुसऱ्या कुठल्याही रुग्णाच्या बाबतीत ते बरोबरच आहे. इथे मात्र अत्याचारात तोंडाचा संबंध आला असेल, तर त्या एका ग्लासाबरोबर पुरावा पोटात जातो. म्हणून आधी हळू आवाजात एक-दोन गोष्टी विचारायच्या, गरज असेल तर तोंडातला स्वॅब घ्यायचा आणि लगेच पाणी द्यायचं. लघवीला जायचं म्हणाली तरी हाच क्रम. आणि हे सगळं करताना ‘मला इथे पाणीसुद्धा देत नाहीत’ असं तिला वाटता कामा नये. एवढ्याशा गोष्टीला विज्ञान लागतं, कायदा लागतो आणि माणसाची जाण लागते. ही तिन्ही एकत्र शिकवणारी विद्या म्हणजे फॉरेन्सिक नर्सिंग.

पुढचं काम कागदाचं. जमिनीवर स्वच्छ पांढरा कागद अंथरायचा आणि मुलगी तयार असेल तरच तिला त्यावर उभं करून एकेक कपडा उतरवायचा. कपड्यांतून गळणारी माती, गवताची काडी, एखादा केस त्या कागदावरच पडतो. मग कागदाची घडी वेगळ्या पाकिटात, आणि प्रत्येक कपडा स्वतंत्र कागदी पिशवीत. प्लास्टिकची पिशवी चालत नाही. आत ओल धरते, बुरशी येते आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत डीएनए कुजून जातो. स्वॅब वाळवायचे ते सावलीत, उन्हात नाही. पावसाळ्याचे दिवस, वीज गेलेली, पंखा बंद, अशा रात्री ओला स्वॅब वाळेपर्यंत कोणीतरी त्याच्याजवळ बसून राहावं लागतं. कंटाळून ओलाच पाकिटात घातला तर पुढचं सगळं लाखेचं सील, नमुना मोहोर, सह्या-शिक्के वाया. कोणी, कोणाच्या हाती, किती वाजता काय दिलं याची नोंद प्रत्येक टप्प्यावर ठेवायची. ही साखळी एका ठिकाणी तुटली की बचाव पक्षाच्या वकिलाला दुसरं काही शोधावं लागत नाही.

कायद्याच्या दृष्टीने ही तपासणी डॉक्टरांची. पण कागद अंथरणारे, पिशव्यांवर नंबर घालणारे आणि मुलीच्या खांद्यावर ठेवलेले हात बहुतेक वेळा नर्सचे असतात. डॉक्टर येतात, तपासतात, लिहितात, सही करतात आणि पुढच्या रुग्णाकडे जातात. रात्र सिस्टरची असते.

ही रात्र मध्य प्रदेशातल्या धारची किंवा देवासची असू शकते. धार आणि देवास म्हटलं की मराठी वाचकाला पवारांची संस्थानं आठवतात. धारच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्यं नांदली. आणि १९४८ साली क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व देवासला आले ते कायमचे देवासचे झाले. माळव्यातल्या मराठी घरांत अजूनही हे सगळं अभिमानाने सांगतात. पण त्याच धार जिल्ह्यात कुक्षी, गंधवानी, मनावर, सरदारपूर आहेत, जिथे भिल्ल आणि भिलाला वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी. त्याच जिल्ह्यात पीथमपूरचे कारखाने आहेत आणि बाहेरून आलेल्या कामगारांच्या खोल्यांच्या रांगा आहेत. देवासला नोटा छापणारा सरकारी कारखाना आहे आणि दक्षिणेला बागली-उदयनगरचा जंगलपट्टाही. धारच्या भोज रुग्णालयात किंवा देवासच्या महात्मा गांधी जिल्हा रुग्णालयात येणारी बाई भिली, भिलाली, निमाडी किंवा माळवी बोलते. तिथे लिहिला जाणारा कागद हिंदीत असतो आणि त्यातले निष्कर्ष इंग्रजीत.

मुलगी म्हणते, ‘खोटा काम किया’, म्हणजे अत्याचार केला. बाहेरून बदलून आलेल्या तरुण डॉक्टरला याचा नेमका अर्थ लागेलच असं नाही. जिल्ह्यातच जन्मलेल्या, इथल्याच बाजारात भाजी घेणाऱ्या नर्सला लागतो. ती ‘बेटा, कुठे दुखतंय ते फक्त हाताने दाखव’ असं मुलीच्या बोलीत सांगू शकते. तक्रारदाराचे शब्द जसेच्या तसे लिहून घेणं हा फॉरेन्सिक नर्सिंगच्या शिक्षणातला अगदी पहिला धडा. तो गिरवायला लागणारी भाषा या बायकांकडे आधीच आहे. प्रशिक्षण नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार मध्य प्रदेशात बलात्काराचे ३,०२९ गुन्हे नोंदले गेले. महाराष्ट्रात २,९०४. हा दुसरा आकडा मुद्दाम दिला, कारण ‘तिकडे एमपीत’ असं म्हणून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे.

कायदा काय म्हणतो ते नीट पाहायला हवं, कारण नर्सच्या सहीचा सगळा प्रश्न एका शब्दप्रयोगापाशी अडला आहे. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६४-अ होतं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ ने घेतली. तक्रार मिळाल्यापासून चोवीस तासांत महिलेला तपासणीसाठी पाठवायचं, तिच्या संमतीनेच तपासणी करायची आणि सात दिवसांत अहवाल तपास अधिकाऱ्याकडे द्यायचा. तपासणी करणार ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी’. नर्स कितीही शिकलेली, कितीही अनुभवी असली तरी या व्याख्येत बसत नाही. पोक्सो कायद्याने अल्पवयीन मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करावी असं सांगितलं, ते योग्यच. पण तालुक्याच्या गावी रात्री महिला डॉक्टर नसेल तर मुलीला पुन्हा गाडीत बसवून जिल्ह्याला न्यायचं. कुक्षीहून धार म्हणजे घाट आणि खड्डे धरून दोन-अडीच तास. तेवढ्या वेळात ती मुलगी काय काय पुसून टाकते, धुऊन टाकते, हे सांगायला नको.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली अत्याचारग्रस्तांच्या वैद्यकीय तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या खरोखर चांगल्या आहेत. बारा वर्षांवरच्या मुलीची स्वतःची संमती घ्या. तपासणीला नकार दिला तरी उपचार नाकारू नका. घटनेला चार दिवस उलटले नसतील तर सगळे नमुने घ्या. बहात्तर तासांच्या आत एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं सुरू करा. गर्भनिरोधक गोळी लगेच द्या. दोन दिवसांनी पुन्हा बोलवा. ही शेवटची सूचना मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. मुका मार पहिल्या दिवशी दिसत नाही. काळे-निळे वळ उमटायला दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशीच्या कागदावर ‘बाह्य जखमा नाहीत’ असं लिहिलं जातं आणि तेच वाक्य न्यायालयात मुलीच्या विरोधात जातं. दोन दिवसांनी ती आलीच, तर तिला ओळखणारं कोण असेल? त्या दिवशीच्या ओपीडीतला डॉक्टर वेगळा असतो. ओळखणार ती नर्स, पण दोन दिवसांनंतरचे वळ नोंदवणं हे तिचं काम आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. याच सूचनांमध्ये डॉक्टर पुरुष असेल तर खोलीत एक महिला परिचर हजर असावी, असं म्हटलं आहे. जवळपास एवढीच नर्सची जागा.

जखमा नसण्याचा हा मुद्दा नवा नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. तिची वैद्यकीय तपासणी झाली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. अंगावर जखमा नव्हत्या. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडताना त्या नसलेल्या जखमांचा आधार घेतला. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी १९७९ साली न्यायालयाला उघड पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. संमतीचा कायदा बदलला, पण तपासणीच्या खोलीतली रीत मात्र पुढची तीस वर्षं तशीच राहिली.

ती रीत उघडी पाडली विदर्भानेच. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्या किती निकृष्ट दर्जाच्या होतात याचा सविस्तर अहवाल तयार केला आणि त्याच्या आधारे २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल झाली. तपासणीचे नमुने, सूचना, मुलीला ‘संबंधांची सवय’ आहे का हे पाहणाऱ्या दोन बोटांच्या चाचणीवरचा आक्षेप, या सगळ्याला त्यातून जोर आला. त्या चाचणीला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्त्रीच्या सन्मानाविरुद्ध ठरवलं आणि ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी, ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असं बजावलं. खांडेकरांच्याच पाठपुराव्याने २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून ‘कौमार्याची लक्षणं’ हा भाग काढायचा निर्णय घेतला. हे सगळं झालं डॉक्टरांसाठी. त्या खोलीतली दुसरी बाई या लढाईत कुठेच नव्हती.

इथे थोडं थांबून एका नर्सबद्दल बोलायला हवं. २७ नोव्हेंबर १९७३ ला परळच्या केईएम रुग्णालयातच, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अरुणा शानबागवर हल्ला झाला. आरोपीला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नासाठी; लैंगिक अत्याचाराचा खटला उभाच राहिला नाही. अरुणाला केईएमच्या नर्सेसनी १८ मे २०१५ ला तिचा मृत्यू होईपर्यंत जवळपास बेचाळीस वर्षं सांभाळलं. आपण त्या सेवेबद्दल भरभरून लिहिलं, आणि लिहायलाच हवं होतं. पण नर्स म्हटलं की आपल्याला सेवाच दिसते. पुरावा ओळखणारी, नोंद करणारी, साक्ष देणारी नर्स आपल्या डोळ्यांसमोर येतच नाही. अरुणाच्या बाबतीतही, अत्याचार काय झाला याची नोंद त्याच दिवशी नीट व्हावी यासाठी लागणारी माणसं रुग्णालयात होती. तसं काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं.

अमेरिकेत ही वाट नर्सेसनी स्वतः काढली. बोस्टनच्या मनोविकार नर्स अॅन बर्जेस यांनी समाजशास्त्रज्ञ लिंडा होल्मस्ट्रॉम यांच्यासोबत रुग्णालयात येणाऱ्या पीडितांशी बोलून १९७४ मध्ये बलात्कारानंतरच्या मानसिक आघाताचं पहिलं नीट वर्णन केलं. १९७६ मध्ये मेम्फिस, १९७७ मध्ये मिनियापोलिस, १९७९ मध्ये अमरिलो अशी तीन केंद्रं उभी राहिली, जिथे प्रशिक्षित नर्सच तपासणी करू लागली. १९९२ साली मिनियापोलिसमध्ये जमून या नर्सेसनी स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना काढली आणि १९९५ ला अमेरिकन नर्सेस असोसिएशनने फॉरेन्सिक नर्सिंगला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली. आज तिथे किमान चाळीस तासांचं वर्ग-शिक्षण, मग अनुभवी नर्सच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, आणि दोन वर्षांचा नर्सिंगचा अनुभव व पुरेसे तास भरल्यावर प्रमाणपत्र परीक्षा. लहान मुलांसाठी वेगळी, मोठ्यांसाठी वेगळी. मुख्य म्हणजे ती नर्स स्वतः सही करते आणि स्वतः न्यायालयात तज्ज्ञ म्हणून उभी राहते. दक्षिण आफ्रिकेत अत्याचारग्रस्तांसाठी असलेल्या थुथुझेला केंद्रांतही डॉक्टर कमी असल्यामुळेच नर्सेसना हे काम शिकवलं गेलं. आपल्यासारखाच देश, आपल्यासारखीच टंचाई. तिथे टंचाईने नर्सला पुढे आणलं. आपल्याकडे मुलीला रेफर करतात.

भारतात हे शिकता येतं का? कागदावर येतं. २०२१ मध्ये लागू झालेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात पाचव्या सत्राला ‘फॉरेन्सिक नर्सिंग आणि भारतीय कायदे’ हा विषय आला. वीस तास, एक क्रेडिट. भारतीय परिचर्या परिषदेच्या विशेष पदविकांच्या यादीत एक वर्षाची फॉरेन्सिक नर्सिंगची निवासी पदविकाही आहे. वीस तासांत कलमांची नावं पाठ होतील. कागद अंथरायला, मुलीच्या नकळत स्वतःचा चेहरा स्थिर ठेवायला, उलटतपासणीत ‘तुम्हाला कसं आठवतं?’ या प्रश्नाला न डगमगता उत्तर द्यायला वीस तास पुरणार नाहीत. तरी विषय आला हे महत्त्वाचं. पुढच्या काही वर्षांत धार-देवासच्या वॉर्डांत नर्स म्हणून येणाऱ्या मुलींनी निदान हा शब्द ऐकलेला असेल.

ऐकलेला असेल, पण कॉलेज खरं असेल तर. मध्य प्रदेशात नर्सिंगच्या शिक्षणाचं जे झालं ते वाचून हसावं की रडावं कळत नाही. एका याचिकेवरून उच्च न्यायालयाने राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांची सीबीआय चौकशी लावली. इमारत नाही, शिक्षक नाहीत, रुग्णालय जोडलेलं नाही अशी कॉलेजं निघाली. पहिल्या फेरीत तपासलेल्या ३०८ कॉलेजांपैकी १६९ योग्य ठरली. मग मे २०२४ मध्ये तपासणाऱ्या सीबीआयच्याच निरीक्षकाला लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक झाली आणि न्यायालयाने त्या १६९ चीही फेरतपासणी सांगितली. दरम्यान मुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षं लांबल्या. शेतातलं सोयाबीन विकून फी भरलेल्या कुक्षी-बागलीकडच्या बापाला याचा अर्थ काय सांगणार? चार वर्षांची पदवी सहा-सात वर्षांवर गेली की घरात लग्नाचं बोलणं सुरू होतं, आणि पुढच्या पदविकेचं नाव कोणी काढत नाही.

आणि समजा, एखादीने जिद्दीने ती एक वर्षाची पदविका केली, तर पुढे काय? जिल्हा रुग्णालयाच्या आस्थापनेत फॉरेन्सिक नर्स असं पदच नाही. ती पुन्हा त्याच मेडिसिन वॉर्डात, त्याच रात्रपाळीत, त्याच पगारावर. प्रमाणपत्र भिंतीवर. खरी मेख इथेच आहे, असं माझं मत आहे: आपण अभ्यासक्रम आधी काढतो आणि पद नंतर कधीतरी, किंवा कधीच नाही.

उलटं झालं की काय होतं हे याच जिल्ह्यांत दिसतं. २०१८ नंतर आरोग्य उपकेंद्रांवर ‘कम्युनिटी हेल्थ ऑफिसर’ हे पद निघालं. सहा महिन्यांचा जोडअभ्यासक्रम, गावपातळीवर स्वतंत्र जबाबदारी, ठरलेलं मानधन. मुली रांगा लावून आल्या, कारण अभ्यासक्रमाच्या टोकाला खुर्ची होती. २०१८ मध्येच केंद्राने सुईणसेवेचं धोरण जाहीर केलं: अठरा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली नर्स साधी बाळंतपणं स्वतःच्या जबाबदारीवर करील. म्हणजे डॉक्टरांचं काम समजलं जाणारं काम नर्सकडे सोपवायला सरकारची तत्त्वतः हरकत नाही. बाळंतपणात सोपवलं, अत्याचाराच्या तपासणीत का नाही?

अगदी नव्याने काही उभारायची गरजही नाही. भोपाळच्या जयप्रकाश रुग्णालयात जून २०१४ मध्ये अत्याचारग्रस्त बायकांना सगळी मदत एकाच ठिकाणी देणारं ‘गौरवी’ केंद्र सुरू झालं, देशातल्या अशा पहिल्या केंद्रांपैकी एक. २०१५ पासून केंद्राच्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत ‘वन स्टॉप सेंटर’ निघाली. त्यांच्या मंजूर कर्मचाऱ्यांत समुपदेशक असते, वकील असते, आणि पॅरामेडिकल कर्मचारीही. कंत्राटी, पण जागा आहे. ती जागा प्रशिक्षित नर्सला द्यावी, जिल्हा रुग्णालयाशी जोडावी आणि रात्रीसाठी ऑन-कॉल भत्ता द्यावा. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण या कामातली माणसं भत्त्याशिवाय दुसऱ्या वर्षी टिकत नाहीत.

मुंबईने एक वेगळा रस्ता दाखवला आहे. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात सेहत ही संस्था आणि महापालिकेने २००० च्या सुमारास हिंसाग्रस्त बायकांसाठी ‘दिलासा’ विभाग सुरू केला. रुग्णालयाच्याच कर्मचाऱ्यांना, त्यांत नर्सेसनाही, शिकवायचं असं ठरलं. वॉर्डातून फिरताना नर्सला जळालेली, विष प्यालेली, पुन्हा पुन्हा ‘पडलेली’ बाई दिसते; हेच पहिलं निदान. २००८ पासून सेहतने महापालिकेच्या तीन रुग्णालयांत अत्याचारग्रस्तांच्या तपासणीची नवी पद्धत बसवली, आणि दिलासा पुढे मुंबईतल्या इतर रुग्णालयांत गेलं. असं काम टिकायचं तर नर्सच्या वेळेची तरतूद करावी लागते. ‘तुझं नेहमीचं काम सांभाळून हेही कर’ असं म्हणून भागत नाही.

आपण मात्र धडाक्याच्या गोष्टी आधी करतो. मध्य प्रदेश विधानसभेने ४ डिसेंबर २०१७ ला बारा वर्षांपर्यंतच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशी देणारं विधेयक मंजूर केलं. त्याच महिन्यात धार जिल्ह्यातल्या मनावर भागात एका चिमुरडीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. पाच महिन्यांत आरोपीला फाशी सुनावली गेली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण गुन्ह्याच्या वेळी आरोपी सोळा वर्षांचाही नव्हता असं ठरवून शिक्षा रद्द केली. वयासारखी मूळ गोष्ट शेवटच्या पायरीवर तपासली गेली. फास तयार होता, कागद नव्हते.

राहिला न्यायालयाचा प्रश्न. खटला उभा राहायला दोन-तीन वर्षं सहज जातात. तोवर ज्या डॉक्टरने तपासलं तो पदव्युत्तर शिक्षणाला गेलेला असतो किंवा त्याची बदली झालेली असते. नव्या संहितेने यावर तोडगा काढला आहे: कलम ३३६ नुसार, अहवाल लिहिणारा अधिकारी बदलून गेला, निवृत्त झाला किंवा वारला, तर त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने त्या कागदाबद्दल साक्ष द्यायची. म्हणजे ज्याने मुलीला कधी पाहिलंच नाही तो पिंजऱ्यात उभा राहून दुसऱ्याच्या अक्षरातलं वाचून दाखवणार. पुराव्याचा कायदा मात्र याहून उदार आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये तज्ज्ञ म्हणजे एखाद्या विषयात विशेष कौशल्य असलेली व्यक्ती. डॉक्टरच हवा अशी अट तिथे नाही. कलम १८४ मध्ये ‘प्रशिक्षित नर्स’ हे दोन शब्द घालायला संसद लागेल, ते व्हायचं तेव्हा होईल. पण नर्सचं नाव तपासणीच्या अहवालात लिहायला, तिने घेतलेल्या नोंदी जोडायला आणि साक्षीदारांच्या यादीत तिला घ्यायला कायदा बदलावा लागत नाही. जिल्ह्याचा सरकारी वकील आणि सिव्हिल सर्जन यांनी एका बैठकीत ठरवलं तर देवासला किंवा धारला पुढच्या महिन्यापासून हे सुरू करता येईल.